मादीच्या टाकीत पिल्लू सोडताना

टाकीत एकच क्लाऊनफिश वर्ष-दोन वर्षं राहिला असेल, अंगाने चांगला भरला असेल आणि काच पुसायला हात घातला की चावायला धावून येत असेल, तर ती मादी आहे असं धरूनच पुढचं पाऊल टाका. रायपूरमध्ये समुद्री टाकी ठेवणाऱ्या घरांत असं बरेचदा होतं. सुरुवातीला हौसेने दोन ‘निमो’ आणलेले असतात, पहिल्या उन्हाळ्यात एक जातो, उरलेला एकटाच वाढतो आणि मग एक दिवस विषय निघतो की हिला जोडीदार आणू या. विचार चांगला आहे. पण जोडीदार म्हणून तिच्याच मापाचा, दुकानातला सगळ्यांत देखणा मासा आणून थेट सोडला, तर दोन-तीन दिवसांत त्याचे पर फाटतात, तो वरच्या कोपऱ्यात जाऊन बसतो, खाणं सोडतो आणि मरतो. यात मादीचं काही चुकलेलं नसतं. ती तिच्या जातीच्या नियमाने वागते. तो नियम समजून घेतला की जोडी लावणं हे बरंचसं निवडीचं आणि सबुरीचं काम उरतं.

क्लाऊनफिशचं पिल्लू वाढताना आधी नर होतं आणि गटात सगळ्यांत वरच्या जागी पोचलं की त्याची मादी होते. एकदा मादी झाली की परत नर होत नाही. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. एका अ‍ॅनिमोनवर एक मादी, एक प्रजननक्षम नर आणि खाली काही न वाढलेली पिल्लं असा गट असतो. मादी गेली की नर मादी होतो आणि पिल्लांतलं सगळ्यांत मोठं नराच्या जागी सरकतं. हा बदल एका रात्रीत होत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात ऑसेलॅरिस जातीवर झालेल्या अभ्यासात, २०१९ मध्ये, असं दिसलं की मेंदू आधी मादीचा होतो, अंडाशय मागाहून, आणि त्याला फार वेळ लागू शकतो. म्हणजे तुमची एकटी मासोळी अंडी घालत नसली तरी वागण्याने ती केव्हाच मादी झालेली असू शकते.

आपल्या कामाची सगळ्यांत मोलाची गोष्ट मात्र पीटर बस्टन यांच्या २००३ मधल्या अभ्यासात आहे. पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात पर्क्युला जातीचे गट मोजताना त्यांना दिसलं की वरच्या क्रमांकाच्या माशाच्या लांबीच्या साधारण ८० टक्क्यांवर खालचा मासा थांबतो. खायला मिळत नाही म्हणून नव्हे. तो आपली वाढ स्वतःच आवरतो. वरच्याच्या मापाच्या जवळ गेलं की त्याला प्रतिस्पर्धी मानलं जाईल आणि हाकलून देतील, हे टाळण्यासाठी. समुद्रात हाकललेला मासा दुसरं अ‍ॅनिमोन मिळेपर्यंत सहसा जगत नाही. काचेच्या टाकीत तर हाकलायला जागाच नसते.

म्हणून नव्या माशाकडे बघताना मादीचा सवाल एकच असतो: हा माझ्या जागेवर येऊ पाहतोय का? पिल्लू पुरेसं लहान असेल आणि ते वाकून ‘नाही’ म्हणत असेल, तर काम होतं. बाकी सगळ्या युक्त्या, डबे, जाळ्या, दिवे मालवणं, या एका गोष्टीला हातभार लावण्यापुरत्या आहेत. पिल्लाला वाचवतं ते त्याचं लहानपण.

तेव्हा पहिला निर्णय मापाचा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मादी ८ सेंटिमीटर असेल, तर पिल्लू ३ ते ४ सेंटिमीटरचं घ्या. निम्मं किंवा त्याहून कमी. बस्टन यांचे ८० टक्के हे वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या माशांचं माप आहे, नव्या ओळखीचं नाही; त्या भरवशावर ६ सेंटिमीटरचा मासा आणू नका. फार चिमुकलंही नको. दोन सेंटिमीटरच्या पिल्लाला मादीचा एक धक्काही भारी पडतो आणि पंपाच्या तोंडाशी ते ओढलं जातं.

वयही बघा. दुकानात वर्षभर एकट्याने राहिलेला छोटा मासा मापाला लहान वाटेल, पण तोही मादी होण्याच्या वाटेवर असू शकतो. त्यापेक्षा दहा-बारा पिल्लांच्या टाकीतून निवडा आणि निवडायला वेळ काढा. टाकीसमोर अर्धा तास उभं राहिलात तर कोण कोणाला हाकतं ते दिसतं. सगळ्यांत मोठं, सगळ्यांना ढोसणारं पिल्लू दुकानदार आधी जाळीत धरतो, कारण तेच पुढे येतं आणि तेच उठून दिसतं. ते नको म्हणा. कोपऱ्यात कुढत बसलेलं, पोट आत गेलेलंही नको. मधल्या फळीतलं, दुसऱ्याने अंगावर येताच थरथरून बाजूला होणारं आणि तरी दाणा टाकला की लगेच येणारं पिल्लू तुमच्या कामाचं. दाणा टाकून दाखवा असं दुकानदाराला सांगायला संकोच करू नका.

जात एकच हवी. आपल्याकडे ऑसेलॅरिसलाच सर्रास ‘पर्क्युला’ म्हणून विकतात. दोन्ही नारिंगी, तीन पांढऱ्या पट्ट्यांचे; पर्क्युलाच्या पट्ट्यांना काळी कड जाड असते आणि पाठीवरच्या परात काटे बहुधा दहा, ऑसेलॅरिसला बहुधा अकरा. या दोघांची जोडी टाकीत लागू शकते, पण पुढे पिल्लं वाढवायचा विचार असेल तर संकर टाळा. टोमॅटो, क्लार्की किंवा सेबे जातीच्या मादीला ऑसेलॅरिसचं पिल्लू हे जोडीदार वाटत नाही. मरून क्लाऊनची तर गोष्टच वेगळी. त्या जातीची मादी नराच्या कितीतरी पट भरते, आणि या लेखातल्या सूचना तिच्यासाठी पुरेशा नाहीत. टाकीत मरून मादी असेल आणि तुम्ही पहिल्यांदाच जोडी लावत असाल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: तिला एकटीच राहू द्या.

पिल्लू हॅचरीतलं असावं, समुद्रातून पकडलेलं नको. आपल्या देशात हे आता अवघड नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास करण्याचं तंत्र फार पूर्वीच बसवलं आहे आणि नव्या मुंबईत ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठाननेही हॅचरी उभी केली. हॅचरीच्या पिल्लाला दाण्याची सवय असते, माणसाची भीती नसते, आणि समुद्रातल्या एका गटाचं घर त्याच्यापायी मोडलेलं नसतं. जोडीला प्रवाळ किंवा अ‍ॅनिमोन ‘रामेश्वरहून मागवून देतो’ असं कुणी म्हणालं तर थांबा. खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. आपल्या समुद्रातून काढलेलं असं प्रवाळ घरात ठेवणं हा गुन्हा आहे. अ‍ॅनिमोन तर जोडी लावायला लागतच नाही. उलट मादीने एखादं अ‍ॅनिमोन आपलं मानलेलं असेल, तर ती त्या जागेसाठी अधिकच कडवी होते.

आता रायपूरचं बोलू. आपला सगळ्यांत जवळचा समुद्र विशाखापट्टणमचा, रेल्वेने पाचशे किलोमीटरच्या वर. मासा येतो तो मुंबई, चेन्नई किंवा कोलकात्याहून, ऑक्सिजन भरलेल्या पिशवीत, थर्मोकोलच्या खोक्यात. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ अंशांवर जातो. फलाटावर किंवा टेम्पोत तासभर राहिलेल्या खोक्याचं काय होत असेल ते सांगायला नको. नवतप्याच्या आसपास, किंबहुना एप्रिलपासून पहिला पाऊस स्थिर होईपर्यंत, पिल्लू मागवू नका. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत रात्री १०-१२ अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा सकाळी पोचणाऱ्या गाडीचं पार्सल घ्यायला स्वतः जा. पण खोक्याला थंडीपासून जपणं उन्हापासून जपण्याइतकं अवघड नाही.

टाकीचं तापमान २५ ते २७ अंशांत स्थिर हवं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि पाठलाग होणाऱ्या पिल्लाला तर तो जास्तच लागतो. चिलर महाग आहे म्हणून अनेक जण पाण्यावर पंखा लावतात. कोरड्या हवेत त्याने दोन-तीन अंश सहज उतरतात. पण बंद खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर हवा आधीच दमट झालेली असते आणि पंख्याचा उपयोग जवळजवळ संपतो, जुलै-ऑगस्टमध्येही तेच. कूलर लावत असाल तर खिडकी उघडी ठेवा. पंख्याने उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्याने घाला, खाऱ्या पाण्याने नाही, कारण वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागे राहतं. आणि आरओ म्हणजे स्वयंपाकघरातलं प्यायचं मशीन असेल तर त्यातला टीडीएस कंट्रोलर बंद करून घ्या. तो गाळलेल्या पाण्यात थोडं कच्चं पाणी मुद्दाम मिसळतो. चवीला बरं, टाकीला वाईट. खारूनचं नळाचं पाणी असो की बोअरचं, मरीन सॉल्ट त्यात थेट घालू नका.

पिल्लू घरी आलं की ते मादीकडे जात नाही, वेगळ्या टाकीत जातं. चार ते सहा आठवडे. या भागाचा कंटाळा येतो आणि इथेच सगळ्यांत जास्त मासे मरतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

क्लाऊनफिशला ब्रुक्लिनेला नावाच्या परजीवीचा रोग होतो. अंगावर शेवाळी पांढुरकी साय आल्यासारखा चिकट थर येतो, मासा पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकतो आणि दोन-तीन दिवसांत संपतो. दुसरा व्हेल्व्हेट, अंगावर सोनेरी धुळीसारखा. तिसरा समुद्री इक, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. हे पिल्लाबरोबर मोठ्या टाकीत शिरले तर मादीही हातची जाते आणि टाकी अडीच महिने माशांविना रिकामी ठेवावी लागते. वेगळी टाकी फार मोठी नको: ४०-५० लिटरचं पाणी, मोठ्या टाकीत काही आठवडे ठेवून तयार केलेला स्पंज फिल्टर, हिटर, लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा. खडक आणि वाळू नको, औषध द्यावं लागलं तर ती दोन्ही औषध शोषून घेतात. अमोनियाचं किट रोजच्या रोज लावा. औषध दुकानदाराच्या तोंडी मापावर देऊ नका. तांब्याचं औषध तांबं मोजण्याच्या किटशिवाय आणि फॉर्मॅलिन जाणत्या माणसाशिवाय वापरू नये. ही टाकी ज्या खोलीत आहे तिथे डासांची अगरबत्ती किंवा स्प्रे नको. त्यातलं औषध माशांना विषासारखं आहे आणि हवेचा पंप ते थेट पाण्यात ओढतो. गल्लीत नगर निगमची धुराची गाडी आली की खिडकी लावा आणि तेवढा वेळ पंप बंद करा.

पिशवी उघडण्यापूर्वी एक काम करा. दुकानं बरेचदा खारटपणा कमी ठेवतात, मीठही वाचतं आणि परजीवीही दबतात. पिशवीतल्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व १.०१९ आणि तुमच्या टाकीचं १.०२५ असेल, तर पिल्लू तिथे टाकू नका. खारटपणा कमी झालेला मासा सोसतो, एकदम वाढलेला सोसत नाही. दुकानदाराला आधी फोन करून त्याचा आकडा विचारा, वेगळ्या टाकीचं पाणी त्या आकड्याला आणून ठेवा, मग पुढच्या काही दिवसांत रोज थोडा थोडा वाढवत न्या. रिफ्रॅक्टोमीटर घ्याच, तरंगणाऱ्या स्वस्त काट्यावर विसंबू नका. पिशवी तापमान जुळण्यासाठी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, उघडा आणि मासा लगेच हाताने किंवा छोट्या कपाने पलीकडे घ्या. थेंब थेंब पाणी घालत तासभर बसण्याची रीत लांबच्या प्रवासाच्या पिशवीला घातक आहे. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही.

या आठवड्यांत पिल्लाला मादी जे खाते तेच खायला शिकवा. फ्रोझन ब्राइन श्रिंप, बारीक पेलेट, दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं. पुढे पाठलाग सुरू झाल्यावर जे पिल्लू निर्धास्त खातं ते टिकतं.

मोठ्या टाकीची तयारीही याच काळात. झाकण जाळीचं हवं, कोपऱ्यातली फट सुद्धा बुजवा. घाबरलेला क्लाऊनफिश उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो. पंपाचं तोंड आणि पाणी टाकीखालच्या संपमध्ये उतरतं ती जागा जाळीने झाका. टाकीत डॅमसेल मासे असतील तर आधी त्यांची दुसरीकडे सोय लावा. मादीपेक्षा तेच पिल्लाला जास्त छळतात. आणि ७५-१०० लिटरपेक्षा लहान टाकीत हा उद्योग करू नका, पिल्लाला तिच्या नजरेआड व्हायला जागा मिळत नाही.

आता भेट. बाजारात भोकं असलेले काचेचे किंवा अ‍ॅक्रिलिकचे डबे मिळतात. नसतील तर भाजी धुवायची बारीक जाळीची नवी प्लास्टिकची टोपली चालते, धातूचा तुकडा नसलेली. ती टाकीच्या काठाला घट्ट अडकवा, वर झाकण, आत पाइपचा तुकडा. जागा निवडताना मादी रात्री कुठे झोपते ते पाहून ठेवा आणि टोपली टाकीच्या दुसऱ्या टोकाला लावा. पाणी टोपलीतून खेळतं राहिलं पाहिजे.

पहिल्या दिवशी मादी टोपलीवर अक्षरशः तुटून पडेल. जबडा आवळून ‘टक् टक्’ असा आवाज काढेल; शांत खोलीत काचेला कान लावला तर तो ऐकू येतो. क्लाऊनफिश दातांवर दात आपटून हा आवाज काढतात हे २००७ मध्ये एरिक पार्मेंतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. शरण जातानाचे आवाज वेगळे असतात, डोकं हलवत काढलेले. जपानमधल्या ओकिनावाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये आणखी एक गंमतीची गोष्ट नोंदवली: ऑसेलॅरिस समोरच्याच्या अंगावरचे पांढरे पट्टे बघतात आणि आपल्यासारखे तीन पट्टे असणाऱ्यावर जास्त चिडतात. तेव्हा आपल्याच जातीच्या पिल्लावर तिचा राग का, याचं नवल वाटून घेऊ नका. परका गोबी मासा तिच्या घरावर हक्क सांगणार नसतो, आपल्या जातीचा मासा सांगू शकतो.

टोपली किमान सात ते दहा दिवस राहू द्या. दोघांना एकाच वेळी, टोपलीजवळच खायला घाला. दिवस मोजून उघडू नका, वागणं बघून उघडा. मादी धडका देणं सोडून टोपलीपाशी रेंगाळू लागली आणि ती जवळ आली की पिल्लू अंग तिरकं करून थरथरू लागलं, तर वेळ आली. दहा दिवसांनंतरही ती तितक्याच त्वेषाने धडकत असेल तर आणखी आठवडाभर थांबा. पिल्लूच आतून तिच्यावर धावून जात असेल, जाळीला तोंड लावून भिडत असेल, तर ते पिल्लू चुकीचं आहे. बदला.

सोडायची वेळ संध्याकाळची, खाणं झाल्यावर, दिवे मंद करून. सुट्टीचा आदला दिवस निवडा म्हणजे दुसरा दिवस बघायला मिळतो. गणपतीला नागपूरला किंवा पुण्याला जायचं असेल तर परत आल्यावर करा. सोडण्यापूर्वी दोन-चार दगडांच्या जागा बदला. मादीला आपली हद्द पुन्हा आखावी लागते आणि तेवढ्यात पिल्लाला एखादी सांदी सापडते. मग टोपली आडवी करा आणि हात बाहेर काढा. पिल्लाला ढकलू नका, ते आपल्या पायरीने निघेल.

पुढचा पाऊण तास खुर्ची टाकून बसा. होतं ते साधारण असं. मादी त्याला पाहते, सरळ येते, वीतभर अंतरावरून झेप घेते. पिल्लू पळतं, दगडाला वळसा घालतं, ती मागे. मग एका क्षणी पिल्लू थांबतं. पोट तिच्याकडे करून एका कुशीवर कलतं, आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत त्याचं अंग वीज लागल्यासारखं कापतं. मादी तोंड उघडं ठेवून त्याच्यापाशी येते, कधी नुसतं नाक लावते, कधी पराला हलकं चावते, आणि वळून निघून जाते. थोड्या वेळाने पुन्हा तेच. नवख्याला हे बघून पिल्लू फिट येऊन मरतंय असं वाटतं आणि तो जाळी घालतो. तसं करू नका. ती थरथर म्हणजे पिल्लाने आपली जागा ओळखली, आणि मादीचं वळून जाणं म्हणजे तिने ती मान्य केली. नव्या घरात आलेल्या घरजावयासारखं त्याला काही काळ मान खाली घालून राहायचं आहे, आणि ते त्याला उपजत येतं.

हस्तक्षेप कधी करायचा, हेही पक्कं ठरवून बसा. दोघांनी एकमेकांचे जबडे पकडून झटापट केली तर लगेच वेगळे करा. म्हणजे पिल्लू वाकायला तयार नाही. परांच्या कडा किंचित कातरल्या तर चालतं, ते महिनाभरात भरून येतात. पण पर मुळापर्यंत फाटले, अंगावर खवले निघून पांढरा चट्टा पडला, पिल्लू पंपामागे किंवा पाण्याच्या पृष्ठभागाशी कोपऱ्यात उभं राहून बाहेरच येईना, दोन वेळा खायला आलं नाही, तर ते परत टोपलीत घ्या. पिल्लू थरथरून शरण जातंय आणि तरीही मादी थांबत नाही, हे सगळ्यांत वाईट. अशा वेळी उलट करा: मादीला टोपलीत किंवा वेगळ्या टाकीत ठेवा आणि पिल्लाला आठवडा-दीड आठवडा मोठी टाकी मोकळी द्या. मादी परत येते तेव्हा ती हद्द पूर्वीसारखी तिची उरलेली नसते. बऱ्याच हट्टी माद्यांना हे लागू पडतं.

काही जण सांगतात की तीन-चार पिल्लं एकदम सोडा, राग वाटला जाईल, त्यातलं एक ती निवडेल. हे मला अजिबात मान्य नाही. एकाला ती निवडेलही, पण उरलेल्यांना आधी ती आणि मग तिचा नर मिळून संपवतील. एक मासा जगवण्यासाठी तीन मारण्याचा सौदा कुणी करू नये. आणि दोन माद्या कधीच एकत्र ठेवू नका. त्यांतली एक नर होईल ही आशा फोल आहे.

पहिले दोन आठवडे रोज सकाळी दिवा लावल्याबरोबर पिल्लाचे पर आणि श्वास बघा. खाणं टाकीच्या दोन टोकांना टाका. रात्री वीज गेली तर चालू होणारा बॅटरीचा हवेचा पंप घरात हवाच. वळवाच्या वादळात रायपुरात तारा तुटतात आणि तेव्हा टाकीत एकाऐवजी दोन मासे श्वास घेत असतात. काही आठवड्यांत पिल्लू मादीच्या मागे मागे फिरू लागेल, मग एखाद्या रात्री दोघं एकाच कोपऱ्यात झोपलेली दिसतील. त्यानंतर जोडी लागली म्हणायला हरकत नाही. पिल्लाची वाढ मंद वाटली तर खाणं वाढवण्याची घाई करू नका, ते आपलं माप तिच्यापेक्षा कमीच राखणार. अंडी मात्र वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ येणार नाहीत, कारण नर अजून वयात यायचा असतो. पुढे जोडी एखादा दगड तोंडाने घासून साफ करू लागली की समजा, दिवस जवळ आले.

हे सगळं करण्यापूर्वी दोन गोष्टी स्वतःला विचारा. जमलं नाही तर पिल्लू कुठे ठेवणार? दुसरी चालती टाकी घरात हवी, किंवा पिल्लू परत घेईन असं दुकानदाराने आधी कबूल केलेलं हवं. आणि ही जोडी तुम्ही किती वर्षं सांभाळणार आहात? बस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्क्युलाच्या मादीचं आयुष्य ३० वर्षांपर्यंत जाऊ शकतं असा अंदाज २००७ मध्ये काढला आहे, आणि टाकीत नीट ठेवलेले क्लाऊनफिश वीस वर्षंही जगतात. मुलं शिकायला बाहेरगावी गेल्यावरही हे मासे घरात असतील. एकटी मादी व्यवस्थित खाते, फिरते, रंगाने भरलेली आहे, तर तिला काही कमी नाही. ती तशीच जगू शकते. दुसऱ्या टाकीची सोय होत नसेल, तर कृपया पिल्लू आणू नका.